रूझवेल्ट अव्हेन्यू, रात्री अकरा

न्यू यॉर्क शहरात मंकीपॉक्सची लस पहिल्यांदा मिळाली ती २३ जून २०२२ ला, मॅनहॅटनमधल्या चेल्सी भागातल्या एका दवाखान्यात. वार गुरुवार, वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. बातमी इंग्रजीत आली, फोनाफोनी झाली आणि ज्यांना कामावरून दोन तास उठता येत होतं ते धावत पोचले. थोड्याच वेळात रांग बंद करावी लागली. अंगावर फोड उठवणारी ती साथ तेव्हा मुख्यतः समलिंगी पुरुषांमध्ये पसरत होती. मी राहतो त्याच शहराच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला. आमच्याकडचे समलिंगी पुरुष आणि ट्रान्स बायका त्या वेळी कुठे होत्या ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते माझे शेजारी आहेत. कुणी हॉटेलच्या मागच्या बाजूला भांडी घासत होतं, कुणी बांधकामावर होतं, कुणी रात्रभर काम करून नुकतंच आडवं झालं होतं. लस फुकट होती, कागदपत्रंही लागत नव्हती. पण ही गोष्ट त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेला त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

त्या उन्हाळ्यात मी आमच्या भागातल्या लातीन अमेरिकी ट्रान्स बायकांनी चालवलेल्या एका छोट्या संस्थेत आरोग्यसेवकाचं काम शिकायला लागलो. तिथे या कामाला ‘प्रोमोतोर’ म्हणतात, बाई असेल तर ‘प्रोमोतोरा’. आपल्याकडच्या आशाताईंची आठवण येईल, आणि ते बरोबरच आहे. वस्तीतलाच माणूस, वस्तीतच फिरणारा, डॉक्टर नसलेला. हे काम कसं शिकवलं जातं आणि प्रत्यक्षात कसं चालतं ते मला लिहून ठेवायचं होतं. मराठीत यावर फारसं वाचायला मिळत नाही म्हणूनही.

मराठी माणसाला जॅक्सन हाइट्स माहीत असतं ते चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावरच्या पटेल ब्रदर्समुळे. न्यू जर्सीहून, कनेटिकटहून लोक गाडी काढून येतात, पोहे, कोकम, गोडा मसाला घेतात, डोसा खातात आणि परत जातात. तिथून दोन मिनिटांवर रूझवेल्ट अव्हेन्यू आहे. वरून सात नंबरची ट्रेन धडधडत जाते आणि पुलाखाली कोलंबिया, इक्वादोर, मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक, पेरू असं सगळं एकाला एक लागून नांदतं. याच रस्त्यावर लातीन अमेरिकी गे बारही आहेत आणि ते अनेक वर्षांपासून आहेत. १९९० च्या जुलैमध्ये हूलिओ रिवेरा या २९ वर्षांच्या पोर्तो रिकन तरुणाला इथल्याच एका शाळेच्या मैदानात तो समलिंगी आहे म्हणून मारून टाकलं. त्या खुनानंतर जे लोक रस्त्यावर आले, त्यांतूनच १९९३ मध्ये क्वीन्सची पहिली प्राइड मिरवणूक निघाली. मिरवणूक आजही निघते. अठ्ठ्याहत्तरावा रस्ता आणि सदतिसावा अव्हेन्यू जिथे मिळतात त्या कोपऱ्याला त्याचं नाव आहे.

आणि लोरेना बोर्हास. तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आम्हाला जे शिकवलं गेलं त्याची बरीचशी पद्धत तिनं घालून दिलेली आहे. मेक्सिकोतल्या वेराक्रूसची ही ट्रान्स बाई १९८१ मध्ये अमेरिकेत आली. स्वतः देहविक्रयाच्या जाळ्यात अडकली होती, पोलिसांनी पकडलं होतं, शिक्षा झाली होती. त्यातून बाहेर पडल्यावर ती रात्री रूझवेल्ट अव्हेन्यूवर फिरायला लागली, धंद्यावर उभ्या असलेल्या ट्रान्स बायकांना कंडोम आणि खायला देत. स्वतःच्या घरात एचआयव्हीची तपासणी सुरू केली. ज्या बायका हार्मोनची इंजेक्शनं स्वतःच घेत होत्या त्यांच्यासाठी स्वच्छ सुया आणल्या. कुणाला अटक झाली की जामिनाचे पैसे गोळा करायची आणि कोर्टात जाऊन बसायची. २०१७ मध्ये राज्यपालांनी तिला जुन्या गुन्ह्यांबद्दल माफी दिली, २०१९ मध्ये ती नागरिक झाली आणि ३० मार्च २०२० ला कोविडनं गेली. मी तिला कधी भेटलो नाही. पण संस्थेतल्या बायका आजही एखाद्या गोष्टीवर अडल्या की ‘लोरेनानं काय केलं असतं’ असं एकमेकींना विचारतात, आणि ते भावनेच्या भरात नसतं. अमुक बाईला कुणी गाठायचं, किती वाजता, दारात काय बोलायचं, असा तो कामाचा प्रश्न असतो.

कंडोम वाटणं म्हणजे किती साधी गोष्ट, असं वाटतं. इथे ती साधी नव्हती. १९७६ चा एक कायदा होता, ज्याखाली ‘वेश्याव्यवसायाच्या हेतूनं रेंगाळणं’ हा गुन्हा होता. पर्समध्ये सापडलेले कंडोम पुरावा म्हणून वापरले जात. कामावरून घरी चाललेली ट्रान्स बाईसुद्धा त्यात पकडली जाई. पोलिसांनी काही प्रकारच्या प्रकरणांत कंडोम जप्त करणं थांबवलं ते २०१४ मध्ये, आणि तो कायदा रद्द झाला २०२१ च्या फेब्रुवारीत. इतकी वर्षं आरोग्य खातं कंडोम घ्या म्हणत होतं आणि त्याच शहरात ते जवळ बाळगायची भीती होती. त्यामुळे आजही पन्नाशीतल्या काही बायका दोनच घेतात. तिसरा परत करतात.

आमचं प्रशिक्षण शनिवारी दुपारी एका चर्चच्या तळघरात व्हायचं. माझं स्पॅनिश वाचनालयातल्या फुकट वर्गात शिकलेलं, त्यामुळे बोलण्यापेक्षा मी ऐकायचो जास्त. वर्गात एक केशकर्तन करणारी इक्वादोरी बाई, सायकलवरून जेवण पोचवणारी एक कोलंबियन ट्रान्स मुलगी, दोघे डॉमिनिकन भाऊ (त्यांतला एकच गे, दुसरा त्याच्यासाठी आलेला), मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या तिघी बायका आणि मी. आमच्या प्रमुखांना सगळे ‘दोन्या’ म्हणत, आदरानं, म्हणून मीही तेच म्हणतो.

पहिल्या दिवशी आजाराबद्दल एक शब्दही नाही. दोन्यांनी प्रत्येकाला विचारलं, ‘शेवटचं दवाखान्यात कधी गेलात आणि तिथे काय झालं?’ त्या प्रश्नात सगळी दुपार गेली. एकीला प्रतीक्षागृहात तिच्या जुन्या, पुरुषी नावानं मोठ्यानं हाक मारली होती. ती उठलीच नाही, तशीच घरी गेली आणि छातीतली गाठ आणखी एक वर्ष अंगावर काढली. एकाकडे विमा नव्हता, तर त्याला पुन्हा पुन्हा सोशल सिक्युरिटी नंबर मागितला गेला. तिसरीची गोष्ट मला अजून सोडत नाही. दुभाषी नव्हता म्हणून तिच्याबरोबर आलेल्या अकरा वर्षांच्या भाचीला डॉक्टरचे प्रश्न स्पॅनिशमध्ये सांगायला लावले. प्रश्न गुप्तांगावरच्या फोडांबद्दल होते.

दोन्या हे सगळं फळ्यावर लिहीत होत्या. दुपार संपताना त्यांनी प्रत्येक गोष्टीच्या समोर एकेक नियम लिहायला लावला, आणि तो आम्हीच ठरवायचा. माणूस स्वतःचं जे नाव सांगेल तेच नाव. कुठलाही कागद मागायचा नाही, आणि मागणार नाही हे आधीच मोठ्यानं सांगायचं. लहान मुलाला मध्ये घालायचं नाही. मित्राला किंवा नवऱ्यालाही नाही, जोपर्यंत माणूस स्वतः म्हणत नाही. हे नियम छापील पुस्तिकेतही आहेत, नंतर पाहिले. पण ते पुस्तिकेतून आले असते तर त्या डॉमिनिकन भावानं पुढे एकदा फाटकासारखं आडवं उभं राहून एका उत्साही परिचारिकेला ओळखपत्र मागण्यापासून थांबवलं नसतं.

आजाराची माहिती पुढच्या शनिवारांना आली. मंकीपॉक्स त्वचेला त्वचा लागून, अंथरूण-टॉवेलमधूनही पसरतो. फोडांवरच्या खपल्या पडून खाली नवी त्वचा येईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, वेगळं राहावं लागतं. लसीचे दोन डोस, मध्ये २८ दिवस. संपर्क आल्यावर चार दिवसांच्या आत लस घेतली तर आजार टळण्याची शक्यता बरीच. एचआयव्ही खूप वाढलेला असेल तर हाच आजार जिवावर उठतो. हे सारं लहान लहान वाक्यांत, वहीत न बघता, बारमधल्या गोंगाटात सांगता यायला हवं होतं. म्हणून तळघरात मोठ्यानं संगीत लावून सराव करायचो, एकानं दारू प्यायलेल्या माणसाचं सोंग घ्यायचं.

याच दिवसांत आईशी फोनवर बोलणं झालं. आम्ही सांगलीचे. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. मी काय करतोय ते ऐकून ती म्हणाली, ‘अरे, हे तर आपल्या गोकुळनगरातल्या बायकांचं काम.’ आणि खरंच होतं ते. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’नं धंद्यातल्या बायकांनाच बरोबर घेऊन एचआयव्हीविरुद्ध काम उभं केलं. १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘वॅम्प’, झाली. आई सांगायची, वॉर्डात एखाद्या पेशंटला कोपऱ्यात टाकलेलं असलं की त्यांच्यातल्या दोघी-तिघी येऊन पलंगाशी बसायच्या, आणि मग त्या पलंगाकडे सगळ्यांचं लक्ष जायला लागायचं. ‘त्यांना सगळं माहीत असायचं, गोळ्यांची वेळसुद्धा आमच्यापेक्षा पक्की.’ मी २०१९ मध्ये आईला माझ्याबद्दल सांगितलं होतं. त्यानंतर आम्ही त्या विषयाच्या कडेकडेनंच बोलत होतो. त्या फोननंतर मात्र ती दर आठवड्याला विचारायला लागली, लस किती जणांना टोचली, खायला काय देता.

जुलैमध्ये क्वीन्सलाही लस आली. शेजारच्या वस्तीतल्या (तिचं नावच कोरोना आहे) लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यात, मग एका रविवारी एव्हिएशन हायस्कूलमध्ये. पण नोंदणी वेबसाइटवरून होती, ठरावीक वेळी उघडायची आणि काही मिनिटांत भरायची. आम्ही काही जण लॅपटॉप घेऊन केशकर्तनालयात बसायचो आणि खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचं नाव, जन्मतारीख विचारून त्याच्यासाठी जागा पकडायचो. त्यातही दिसायचं ते हेच, की ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट आणि मोकळा वेळ आहे तो पुढे जातो. देशभरातले आकडे पुढे आले तेव्हा त्यांतही तेच होतं. रुग्णांमध्ये लातीन अमेरिकी आणि कृष्णवर्णीय पुरुषांचा वाटा जेवढा मोठा, लस घेतलेल्यांमध्ये तेवढा नव्हता.

दोन्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. लस बारमध्ये आली पाहिजे, रात्री अकराला, आणि सोमवारी. सोमवार का, तर हॉटेलात काम करणाऱ्यांची सुट्टी बहुतेक सोमवारी असते. हे कुठल्याही सर्वेक्षणात विचारलेलं नव्हतं. अधिकाऱ्यांशी झालेल्या बैठकीत ‘रात्री कर्मचारी मिळणार नाहीत’ असं उत्तर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की मग दिवसा आजारी माणसं मिळतील. बरीच ओढाताण झाली, पण फिरतं लसीकरण सुरू झालं आणि एक गाडी आमच्या रस्त्यावरही उभी राहिली.

पहिली रात्र आठवते. आत ड्रॅगचा, म्हणजे बायकी पोशाखातल्या नाचगाण्याचा, कार्यक्रम चालू होता. कार्यक्रम करणारी मध्येच थांबली, माइकवर म्हणाली, ‘बाहेर गाडी आहे, मी आत्ताच टोचून आलेय, हा बघा दंड.’ मग तिनं दुसऱ्या डोसला पुन्हा यायचं हे सगळ्यांकडून तीनदा वदवून घेतलं. आमचं काम दारापासून गाडीपर्यंतच्या पंधरा-वीस पावलांमधलं होतं. ऐकायला काहीच नाही, पण माणूस तिथूनच माघारी फिरायचा. कुणी गाडीवरचं सरकारी चिन्ह बघून थबकायचं. तेव्हा दोन्या पुढे होऊन सांगायच्या, ‘मीही कागदांशिवाय इथे वर्षं काढलीत. हे लोक विचारत नाहीत. मी इथेच उभी आहे.’ त्या उभ्या असायच्या म्हणून लोक वर चढायचे. मी बोललो असतो तर चढले असते का, मला शंका आहे. माझ्याकडे व्हिसा होता आणि तो चेहऱ्यावर दिसतो.

९ ऑगस्टला नियम बदलला. लस अपुरी म्हणून एका कुपीत पाच जणांना पुरेल अशी थोडी मात्रा, ती दंडाच्या कातडीखाली न देता पुढच्या हातावर कातडीच्या आत द्यायची. वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होतं. पण कातडीत दिलेल्या लसीचा लाल, कडक वण राहतो, कित्येकांना आठवडेच्या आठवडे. पुढच्याच सोमवारी गर्दी ओसरली. आधी आम्हाला कळेना. मग एका स्वयंपाक्यानं बाह्या वर करून दाखवल्या. ‘मी दिवसभर असा उभा असतो. मालक बघणार. माझी बायकोही बघणार.’ त्या उन्हाळ्यात तो वण म्हणजे कपाळावर लिहिल्यासारखंच होतं. आमच्या संस्थेनं आणि इतरही अनेकांनी हे वर कळवलं, आणि पुढे खांद्यावर किंवा पाठीवर, कपड्याखाली झाकेल अशा जागी लस द्यायला परवानगी मिळाली. एका बोटाएवढ्या वणामुळे माणूस लस नाकारतो आणि ते कारण डॉक्टरला नाही, दारात उभ्या असलेल्या बाईला कळतं. या कामासाठी पैसा का खर्च करायचा असं कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगतो.

सगळ्यात अवघड होतं ते विलगीकरण. ‘चार आठवडे वेगळ्या खोलीत राहा’ हा सल्ला ज्याच्याकडे वेगळी खोली आहे त्याच्यासाठी आहे. आमच्याकडे आलेला एक मुलगा एका खोलीत चौघांबरोबर राहत होता, गाद्या जमिनीवर, संडास सगळ्या मजल्याला एक. रोजंदारीचं काम, गेला नाही तर पैसे नाहीत आणि दहा दिवस गेला नाही तर कामही नाही. फोड आतून होते, बसता येत नव्हतं, वेदनेनं रडत होता. (त्याची ओळख पटेल असं काही मी इथे लिहिलेलं नाही.) टेकोव्हिरिमॅट नावाचं विषाणूविरोधी औषध होतं, पण मंकीपॉक्ससाठी ते तेव्हा प्रायोगिक म्हणूनच मिळायचं. त्यासाठी संमतीचे लांबलचक फॉर्म भरावे लागायचे. ते त्याला ओळ-ओळ समजावून सांगण्यात एक संध्याकाळ गेली.

खोलीतल्या इतरांना कोण सांगणार, हा खरा पेच. लपवलं तर त्यांना धोका, सांगितलं तर हा रस्त्यावर. दोन्या म्हणाल्या, ‘तोच सांगेल, मी शेजारी बसेन.’ मीही होतो. त्यांनी येताना मोठ्या डब्यात पोसोले आणलं होतं, मक्याचं आणि मांसाचं दाट सूप. आधी सगळ्यांना वाढलं. मग तो बोलला. एक जण ताट ठेवून उठला आणि रात्रीच निघून गेला. उरलेल्या तिघांना आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी लस द्यायला नेलं, चार दिवसांच्या आत. त्यांनी आपसात ठरवून खिडकीजवळचा भाग त्याला दिला, मध्ये शॉवरचा पडदा टांगला. आम्ही वाटून घेतलं. कुणी जेवण, कुणी भाड्यासाठी वर्गणी, कुणी मालकासाठी डॉक्टरचं पत्र. त्यात आजाराचं नाव नव्हतं, फक्त रजेची गरज आणि मुदत. कपडे धुणं माझ्याकडे होतं. त्याच्या चादरी हातमोजे घालून पिशवीत भरायच्या, लाँड्रोमॅटमध्ये, म्हणजे नाणी टाकून चालणाऱ्या मशीनांच्या दुकानात, गरम पाण्यावर धुवायच्या आणि वाळवून परत द्यायच्या. रोज संध्याकाळी फोन करायचा आणि वेदना एक ते दहामध्ये किती ते लिहायचं. त्या काळात त्यानं आजारापेक्षा जास्त त्या नाण्यांबद्दल विचारलं. मशीनमध्ये किती गेली, मी लिहून ठेवतोय ना. तो बरा झाला, कामावर परत गेला. पुढच्या तुकडीत प्रशिक्षणाला आला तेव्हा विलगीकरणाचा धडा त्यानंच शिकवला.

नोव्हेंबरमध्ये आजाराचं नाव बदलून एमपॉक्स झालं, रुग्ण घटले, गाड्या गेल्या. पण लोकांना आता आम्ही ओळखीचे झालो होतो, आणि त्यांच्या बाकीच्या अडचणी तशाच होत्या. म्हणून एचआयव्हीची तपासणी त्याच केशकर्तनालयात सुरू ठेवली. बोटाला टोचून थेंब घ्यायचा. एका मिनिटात निकाल देणारी चाचणी मिळते, वीस मिनिटं घेणारीही मिळते. दोन्यांचा आग्रह वीस मिनिटांच्या चाचणीचा, कारण त्या वेळात माणूस बोलतो. घाईत निकाल घेऊन गेलेला माणूस परत येत नाही, हा त्यांचा अनुभव. त्या वीस मिनिटांत मी शिकलेलं सगळं कामाला यायचं. संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत सुरू केलेली आणि २८ दिवस घेतलेली औषधं संसर्ग रोखू शकतात. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासूनच घ्यायची रोजची गोळी, म्हणजे प्रेप, २०१२ पासून आहे आणि नियमित घेतली तर लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग जवळजवळ पूर्ण टळतो. विमा नसेल तरी न्यू यॉर्क राज्यात त्यासाठी योजना आहे. आणि ज्याला एचआयव्ही आहे, त्याचा विषाणू औषधानं तपासणीत सापडेनासा झाला की त्याच्याकडून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर लोक गप्प होतात. कित्येकांना ते पहिल्यांदाच कळत असतं, औषध घ्यायला लागून वर्षं झालेली असतात तरी.

२०२२ च्या ऑगस्टपासून टेक्सासहून बसनं पाठवलेले स्थलांतरित शहरात यायला लागले. त्यांत व्हेनेझुएलाचे गे मुलगे होते, ट्रान्स मुली होत्या. काही जणींना एचआयव्ही होता आणि कोलंबिया आणि पनामामधलं दारिएनचं जंगल ओलांडताना औषधाच्या गोळ्या पाण्यात गेल्या होत्या किंवा चोरीला. राज्याची एचआयव्ही औषधांची योजना नागरिकत्व बघत नाही; तिचा फॉर्म भरायला आणि पहिली बाटली हातात पडेपर्यंत बरोबर फिरायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे प्रोमोतोरा. सायकलवाली कोलंबियन मुलगी यात सगळ्यांत तरबेज निघाली. डिलिव्हरीमुळे तिला प्रत्येक औषधाच्या दुकानाची मागची वाट माहीत होती.

पैशाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. माझी नोकरी आहे, मी शनिवार-सोमवार देऊ शकलो. त्या सायकलवाल्या मुलीनं दिलेला प्रत्येक तास तिच्या कमाईतून गेला. अनुदान यायचं तेही एका आजारासाठी, एका वर्षासाठी. एमपॉक्सचं संपलं की त्याच बायकांना ‘आभारी आहोत’. वस्तीचं ज्ञान हवं असेल तर त्याचा पगार द्या, वर्षभराचा, सुट्टीसकट. सांगलीच्या बायकांनीही हेच मागितलं असेल. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘मागितलं म्हणजे काय, भांडल्या.’

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर हिंदी, बांगला, नेपाळीत पत्रकं वाटायचं काम माझ्याकडे होतं. भारतीय दुकानांच्या गल्लीत तपासणीचं टेबल लावून बघितलं. आपली मुलं लांबून वळसा घालून जायची. पण हीच मुलं रात्री रूझवेल्टवर, लातीन केशकर्तनालयात निवांत येऊन बसायला लागली. तिथे मावशीची मैत्रीण भेटायची शक्यता नव्हती. एक मराठी मुलगाही आला, हिंदीत बोलत होता, मी मराठीत उत्तर दिलं तेव्हा उठून जाईल असं वाटलं. बसला. तपासणी झाली, प्रेप सुरू झाली, आणि मग तासभर आम्ही कोल्हापूर की सांगली यावर बोललो. वस्तीनं स्वतः चालवलेलं काम म्हणजे आपल्यानं आपल्यातच करायचं, असं मी समजत होतो. प्रत्यक्षात कुणाला आपल्या माणसाचा आधार वाटतो, कुणाला आपल्या माणसाचीच भीती. शेजारच्या गल्लीत दार उघडं असणं हा त्यावरचा उपाय निघाला.

२०२५ च्या जानेवारीत दवाखाने, शाळा, चर्च अशा जागी स्थलांतरितांची धरपकड टाळण्याचं केंद्र सरकारचं धोरण रद्द झालं. त्या आठवड्यापासून खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. औषधं सुरू असलेले लोकसुद्धा रक्ततपासणीला यायचे बंद झाले. आता आम्ही घरोघरी जातो, दोघं-दोघं, आधी आवाजी निरोप पाठवून, कारण लिहिलेलं कुणाच्या हाती लागेल याची त्यांना धास्ती आहे. दार वाजवणारा आवाज ओळखीचा असावा म्हणून जो निरोप पाठवतो तोच जातो. काम दुप्पट झालं आहे आणि माणसं तेवढीच आहेत.

त्यातच २०२५ च्या जूनमध्ये लेनाकापाविर या औषधाला प्रेप म्हणून मान्यता मिळाली. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन आणि सुरुवातीला दोन दिवस गोळ्या, बस्स. ज्या बाईला रोजची गोळी खोलीतल्या इतरांपासून लपवावी लागते, जिला दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायची भीती वाटते, तिच्यासाठी याच्यापेक्षा सोयीचं काही आजवर निघालेलं नाही. मान्यता मिळाली तेव्हा यादीतली किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर होती. कुठली योजना कुणाचा खर्च उचलेल ते आम्ही एकेकीच्या बाबतीत शोधतो आहोत. दोन्यांनी नर्स गाठली आहे, केशकर्तनालयाच्या मालकिणीनं मागची खोली दिली आहे आणि वार ठरला आहे, सोमवार. माझ्याकडे फॉर्म आले आहेत, स्पॅनिशमध्ये आणि हिंदीत.